पडलेला माणूस आणि पंचाची शिट्टी

फुटबॉलच्या पंचगिरीवर धरणगावात व्याख्यान, आणि तेही कामगार संघटनेच्या माणसाने द्यावयाचे, हे वाचून काही मंडळींना हसू आले असेल. ते साहजिक आहे. आमच्या या गावाने कापसाच्या गाड्या पाहिल्या, जिनिंगचे भोंगे ऐकले, यात्रेतल्या कुस्त्या पाहिल्या, कबड्डीची मैदाने आखली. फुटबॉल मात्र बहुतेकांनी पडद्यावरच पाहिला. आम्ही स्वतः तो डोळ्यांनी प्रथम पाहिला विसाव्या वर्षी, भुसावळला रेल्वेच्या मैदानावर. गेलो होतो सभेला. सभा रद्द झाली आणि परतीच्या गाडीला अवकाश होता, म्हणून सामना पाहत बसलो.

त्या सामन्यात एक खेळाडू चेंडू घेऊन गोलाजवळ आला आणि कोणी अंगाला लागलेले नसताना असा कोलमडला, की आम्हांला वाटले, पाय गेला. पंचाने शिट्टी वाजविली, पेनल्टी दिली, गोल झाला, आणि मघाचा तो जायबंदी माणूस सर्वांच्या पुढे उड्या मारू लागला. आमच्या शेजारी एक फिटर बसला होता. तो म्हणाला, "याले आमच्या खात्यात धाडा भो, मेडिकल लगेच मंजूर होईल!" सारे हसले, आम्हीही हसलो. पण पुढे संघटनेचे काम करताना खोटे दुखणे आणि खरे दुखणे यांचा निवाडा करण्याची वेळ वारंवार आली आणि त्या फिटरचे बोलणे आठवत राहिले. फुटबॉलचे नियम आम्ही त्या नादाने वाचू लागलो. शाळा सातवीत सुटलेल्या माणसाला वाचनालयाखेरीज दुसरे कॉलेज नसते. तेव्हा आमच्या सांगण्यात उणे असेल ते मंडळींनी सांभाळून घ्यावे.

प्रथम माणूस खोटा पडतो कशासाठी, ते पाहू. मोठ्या सामन्याचे मैदान साधारण 105 मीटर लांब आणि 68 मीटर रुंद असते. आपल्या हिशेबात पावणेदोन एकर. त्या पावणेदोन एकरात बावीस माणसे धावतात आणि शिट्टी एकाच्या तोंडात असते. मदतीला कडेला दोन साहाय्यक असतात, आणखी एक चौथा अधिकारी बाहेर उभा असतो. पण आत तो एकटा. दीड तासात तो दहा-बारा किलोमीटर धावतो आणि धावता धावता न्याय करतो. आता दुसरी गोष्ट. कबड्डीत एका सामन्यात तीस-चाळीस गुण सहज होतात; एक गुण चुकून इकडचा तिकडे गेला तरी भरून काढता येतो. फुटबॉलमध्ये दोन्ही बाजूंचे मिळून दोन-तीन गोल झाले तरी पुष्कळ. आणि गोलासमोरच्या चौकटीत बचाव करणाऱ्याने पाडले, तर अकरा मीटरवरून पेनल्टी मिळते. अशा चार पेनल्टींपैकी तिनांवर गोल होतो म्हणा. म्हणजे एकदा नीट पडता आले, की अर्धा सामना खिशात! धंदेवाईक खेळाडूचा करार, बक्षिसी, पुढच्या वर्षीचे पोट हे सारे निकालावर चालते. शिवाय पकडले जाण्याची भीती थोडी आणि पकडले तरी शिक्षा हलकी. ज्या कारखान्यात अशी व्यवस्था असेल, तिथे माणसे लबाडी शिकणार. त्यांना केवळ नीतीचे पाठ देऊन काय होणार?

नियम नाही असे नाही. आपण ज्याला कांगावा म्हणतो, त्याला फुटबॉलच्या बाराव्या नियमात जागा आहे. दुखापतीचे सोंग करणे किंवा पाडले गेल्याची बतावणी करणे म्हणजे पंचाची फसवणूक, आणि तिला पिवळे कार्ड. 1999 साली नियम करणाऱ्या मंडळाने हे स्पष्ट शब्दांत घातले. पिवळी दोन झाली की लाल, आणि लाल म्हणजे मैदानाबाहेर. ही कार्डे तरी कुठून आली? 1966 च्या विश्वचषकात इंग्लंड आणि अर्जेंटिना यांच्या सामन्यात जर्मन पंचाने अर्जेंटिनाच्या कप्तानाला, रॅटिनला, बाहेर काढले. पंचाला स्पॅनिश येत नव्हते, कप्तानाला जर्मन येत नव्हते, आणि तो बराच वेळ हलेचना. तेव्हा पंचांचे प्रमुख केन अ‍ॅस्टन होते, धंद्याने शाळामास्तर. रस्त्यावरच्या सिग्नलचा पिवळा आणि लाल दिवा पाहून त्यांना युक्ती सुचली, आणि 1970 च्या मेक्सिकोतल्या विश्वचषकापासून कार्डे आली. भाषा न येणाऱ्यालाही कळेल असा हुकूम! अशी साधी सुधारणा मास्तरालाच सुचायची.

पण पिवळे कार्ड दाखवायचे तर पंचाला सोंग तिथल्या तिथे ओळखता आले पाहिजे. 2002 साली कोरियात ब्राझील आणि तुर्कस्तान यांचा सामना होता. शेवटच्या क्षणांत तुर्कस्तानच्या उन्सालने कोपऱ्यावर उभ्या असलेल्या रिव्हाल्डोकडे चेंडू मारला. चेंडू लागला पायाला, आणि रिव्हाल्डो तोंड धरून खाली पडला. उन्सालला बाहेर जावे लागले. मागाहून चित्रफीत पाहून रिव्हाल्डोला साडेअकरा हजार स्विस फ्रँक दंड झाला. सामने खेळण्याची बंदी मात्र नाही. जगातल्या एका थोर खेळाडूला तो दंड म्हणजे आमच्या हमालाला चहाचे बिल.

याहून भयंकर प्रकार 1989 साली रिओच्या माराकाना मैदानावर झाला. ब्राझीलविरुद्ध चिली हरत होती. प्रेक्षकांतून दारूकामाची एक जळती नळी मैदानात पडली आणि चिलीचा गोलकीपर रोहास रक्तबंबाळ होऊन लोळू लागला. चिलीचा संघ मैदान सोडून गेला. पुढे छायाचित्रांत दिसले, की नळी त्याला लागलीच नव्हती. हातमोज्यात पाते लपवून त्याने स्वतःच कपाळ कापले होते. रोहासला जन्माची बंदी झाली (ती 2001 साली उठली) आणि चिलीला 1994 च्या विश्वचषकाचे दार बंद झाले. खऱ्या रक्ताने खोटी साक्ष देता येते, हे त्या दिवशी जगाला कळले.

आता या विषयाचा गाभा सांगतो. त्यासाठी गोव्याच्या एका संघाकडे यावे लागेल.

गोव्यात फुटबॉल हा गावोगावचा खेळ. धेंपो हा तिथला नामांकित क्लब. 5 डिसेंबर 2004 रोजी बंगळुरूच्या कंठीरवा मैदानावर फेडरेशन चषकाचा अंतिम सामना धेंपो आणि मोहन बागान यांच्यात झाला. धेंपोकडून ख्रिस्तियानो ज्युनियर नावाचा ब्राझीलचा तरुण खेळत होता. पहिला गोल त्याने केला. दुसरा गोल करताना धावून आलेल्या गोलकीपरशी त्याची टक्कर झाली. चेंडू आत गेला आणि ज्युनियर खाली पडला. तो पुन्हा उठला नाही. धेंपोने चषक जिंकला, आणि तो जिंकून देणारा खेळाडू मरण पावला. आपल्या देशाच्या फुटबॉलवरचा हा डाग अजून पुसलेला नाही.

दुसरा प्रसंग 12 जून 2021 चा, कोपनहेगनचा. डेन्मार्कचा एरिक्सन कोणाचा धक्का नसताना एकाएकी कोसळला. अगदी सोंग करणारा पडतो तसाच: आसपास कोणी नाही, कारण दिसत नाही. इंग्रज पंच अँथनी टेलर यांनी काही क्षणांत खेळ थांबवून डॉक्टरांना हाक घातली. हृदय बंद पडले होते. मैदानावरच छाती दाबून आणि विजेचा झटका देऊन ते चालू करण्यात आले. एरिक्सन वाचला आणि पुढे पुन्हा खेळू लागला. टेलरने मनात क्षणभर जरी म्हटले असते, 'नाटक असेल, बघू या जरा,' तर काय झाले असते?

म्हणून आम्ही म्हणतो, की खोटा पडणारा माणूस समोरच्या संघाला फसवितो ती लहान गोष्ट. तो पंचाच्या मनातला विश्वास खातो, आणि त्याची किंमत उद्या खरा पडणारा देतो. हे आम्ही पुस्तकात वाचलेले नाही. आमच्या भागातल्या एका कारखान्यात चार-पाच जणांनी खोटी सर्टिफिकिटे आणण्याचा धंदा मांडला होता. आम्हांला ठाऊक होते. आम्ही दुर्लक्ष केले. आपलीच माणसे, मालकाचे काय जाते, असे म्हणालो. वर्ष-दीड वर्षाने एका हमालाची पाठ क्विंटलाच्या पोत्याखाली गेली. तो खाली बसला आणि उठता येईना. सुपरवायझर म्हणाला, "नाटक नको करू, ऊठ!" त्याला उठवून दोन पोती आणखी उचलायला लावली. तो माणूस पुन्हा कधी ओझे उचलू शकला नाही. सुपरवायझरशी आम्ही भांडलो, भरपाईसाठी तीन वर्षे खेटे घातले; पण रात्री झोप न येण्याचे कारण सुपरवायझर नव्हता. त्याच्या तोंडी 'नाटक' हा शब्द देणाऱ्यांत आम्हीही होतो.

तर उपाय काय? पुष्कळ लोक म्हणतात, शिक्षा वाढवा. शिक्षेचे पाहू, पण त्याआधी एक उलटी बाजू आहे. बचाव करणारा खेळाडू सदरा ओढतो, घोट्यावर मारतो. चेंडूवाला प्रामाणिक असतो, तो अडखळतो पण पडत नाही. पंच म्हणतो, पडला नाही ना, मग खेळ चालू. चेंडू गेला, संधी गेली, शिट्टी नाही. त्याच्या शेजारचा त्याच धक्क्याला आरोळी ठोकून पडतो आणि त्याला पेनल्टी मिळते. मग उद्या पहिलाही पडायला शिकणार नाही तर काय करणार? नियमात कुठेही असे लिहिलेले नाही, की फाउल होण्यासाठी माणूस जमिनीवर लोळला पाहिजे. पाडण्याचा प्रयत्न हासुद्धा गुन्हाच आहे. पंचाने क्षणभर थांबून पाहावे. खेळाडूला फायदा मिळाला तर खेळ चालू द्यावा, नाही मिळाला तर मागे येऊन शिट्टी द्यावी. याची मुभा नियम देतो. तिचा वापर धीटपणे झाला, तर निम्मे सोंग आपोआप सुटेल असे आमचे मत आहे. कारखान्यातही तेच. जो कण्हत नाही त्याची पाठ कोणी तपासत नाही, म्हणून सगळे कण्हायला शिकतात.

आता शिक्षा. कामगाराला काढायचे तर आधी आरोपपत्र, मग चौकशी, मग शिक्षा, हे आम्ही भांडून मिळविले. मैदानावरच्या पंचाला हा क्रम पाळता येत नाही; त्याला एका श्वासात सारे करावे लागते. म्हणून जे तिथे सुटले त्याची चौकशी सामना संपल्यावर करणे, हा मार्ग आम्हांला पटतो. स्कॉटलंडने तो 2011 साली धरला, इंग्लंडने 2017-18 च्या हंगामापासून. इंग्लंडची रीत ऐकण्यासारखी आहे. खोटे पडून पेनल्टी मिळविली किंवा दुसऱ्याला बाहेर घालविले, तर तीन माणसे चित्रफीत पाहतात: एक माजी पंच, एक माजी खेळाडू, एक माजी व्यवस्थापक. तिघांनी वेगवेगळे पाहावयाचे आणि तिघांचे एकमत झाले तरच आरोप. सिद्ध झाले तर दोन सामने बंदी. त्या लीगमध्ये पहिला सापडला एव्हर्टनचा नियास, नोव्हेंबर 2017 मध्ये. त्याने आरोप नाकारला, चौकशी झाली, बंदी कायम राहिली. दंडापेक्षा ही शिक्षा बोचते, कारण क्लबाला आपला माणूस बाहेर बसवावा लागतो. आमची एक सूचना मात्र आहे: खेळाडूबरोबर त्याच्या प्रशिक्षकालाही जाब विचारावा. पडण्याची तालीम कोणी दिली? हजेरीपटावर खोटी सही एकट्या कामगाराची नसते.

कॅमेऱ्याविषयी तरुण मंडळी फार बोलतात. 2018 मध्ये व्हिडिओ पंच नियमांत आला आणि त्याच वर्षीच्या विश्वचषकात कोस्टा रिकाविरुद्ध नेमारला मिळालेली पेनल्टी पंचांनी पडदा पाहून मागे घेतली. उत्तम झाले. पण तो सरसकट सगळे तपासण्यासाठी आलेला नाही. गोल, पेनल्टी, सरळ लाल कार्ड आणि चुकीच्या माणसाला दिलेली शिक्षा, एवढ्या चार बाबींसाठी आला. मैदानाच्या मध्यावर लोळून वेळ खाणारा त्यातून सुटतो. आणि तो यंत्रपसारा किती गावांना परवडणार? अमेरिकेतल्या लीगने 2024 मध्ये स्वस्त तोड काढली. पडलेल्याला उपचारासाठी खेळ थांबवावा लागला, तर त्याने बाहेर जावे आणि दोन मिनिटे बाहेरच थांबावे. डोक्याच्या इजेसारख्या गोष्टींना सूट. लोळण्याचा भाव एकदम उतरतो. आमच्या मते ही युक्ती कॅमेऱ्याहून शहाणी आहे, फक्त ज्याला समोरच्याने खरोखर मारले त्याला दोन मिनिटांचा भुर्दंड पडता कामा नये.

उरला पंच. त्याच्याबद्दल बोलताना आपल्या घरचे उदाहरण घ्यावे लागते. 2 फेब्रुवारी 2025 रोजी अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागात शिवराज राक्षे आणि पृथ्वीराज मोहोळ लढत होते. पंचाने राक्षे चितपट झाल्याचे सांगितले. पाठ टेकलीच नाही, चित्रफीत पाहा, असे राक्षेचे म्हणणे. ते ऐकले गेले नाही आणि त्याने पंचाची कॉलर धरली, लाथ मारली. पुढे मोहोळ आणि महेंद्र गायकवाड यांची अंतिम कुस्तीही वादात संपली. राक्षे आणि गायकवाड दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी आली. मंडळींत तेव्हा दोन तट पडले होते, ते आम्हांला माहीत आहेत. आमचे मत विचाराल तर लाथेला क्षमा नाही; पण दाद मागायची खिडकी बंद ठेवली, की माणूस दार तोडतो, हेही आयोजकांनी ओळखावे.

फुटबॉलमध्येही असेच. 3 मार्च 2023 ला त्याच कंठीरवा मैदानावर जादा वेळेत सुनील छेत्रीने केरळची भिंत उभी राहण्याच्या आत फ्री किक मारून गोल केला. पंचाने तो मान्य केला. केरळच्या प्रशिक्षकाने संघच बाहेर बोलाविला. केरळला चार कोटी रुपये दंड झाला, प्रशिक्षकाला दहा सामन्यांची बंदी. त्याच वर्षी 20 डिसेंबरला मुंबईत मुंबई सिटी आणि मोहन बागान यांच्या सामन्यात सात लाल कार्डे निघाली, काही तर शेवटच्या शिट्टीनंतर. लोक म्हणाले, पंच कच्चे. असतीलही. पण कच्चा माणूस पक्का कसा होतो? इंग्लंडातसुद्धा 2001 पर्यंत सर्वोच्च लीगचे पंच दुसरीकडे नोकरी करून शिट्टी वाजवीत. कोणी मास्तर, कोणी पोलीस. त्या साली निवडक पंचांना करार आणि पगार मिळाला, एकत्र सराव सुरू झाला. आपल्याकडे जिल्ह्याच्या सामन्यात पंचाला काय मिळते? 'मानधन'. हा शब्द आम्ही ओळखून आहोत. वेतन द्यायचे नसले, की मान देतात आणि धन विसरतात. कोल्हापुरात तालमीतालमींचे फुटबॉल संघ आहेत, शाहू स्टेडियम भरून वाहते. तिथे पेठेच्या पेठ समोर उभी असताना शिट्टी वाजविणाऱ्याला विमा हवा, संरक्षण हवे, प्रवासखर्च हवा. ते न देता त्याच्याकडे निर्भयपणा मागणे म्हणजे हातमोज्याशिवाय गड्याला यंत्रात हात घालायला सांगणे होय.

आणखी दोन गोष्टी पैशावाचून होतात. 2024 च्या युरोपीय स्पर्धेत ठरले, की पंचाशी फक्त कप्तानाने बोलावे, बाकीच्यांनी घेराव घालू नये. आमच्या संघटनेत हे पन्नास वर्षे चालू आहे. प्रतिनिधी बोलतो, बाकीचे मागे उभे राहतात, आणि म्हणूनच बोलण्याला वजन येते. दुसरे, 2023 च्या महिलांच्या विश्वचषकात पंचांनी पडदा पाहून बदललेला निर्णय ध्वनिक्षेपकावरून कारणासह सांगितला. कारण सांगितले की हरलेल्याचाही निम्मा राग जातो. लेबर कोर्टात आम्ही कितीदा तरी हरलो आहोत, पण सकारण निकाल हातात घेऊन हरणे वेगळे.

यंदा जानेवारीत जवळच्याच एका गावच्या कबड्डीच्या सामन्यांत आम्हांला तक्रार समितीवर बसविले होते. पंचांचा मेहनताना आणि गाडीभाडे सामन्यापूर्वी पाकिटात घालून द्यायचे, तक्रार कप्तानाने करायची, आणि राहिलेल्या तक्रारी सामन्यानंतर तिघांनी बसून पाहायच्या, एवढे आम्ही ठरवून घेतले. पहिल्याच संध्याकाळी एक चढाईवाला मधल्या रेषेजवळ गुडघा धरून पडला. त्याचा संघ दोन गुणांनी पुढे होता आणि वेळ संपत आली होती. गर्दीतून ओरडा झाला, "नाटक! नाटक! उचला त्याले!" पंच जवळ गेला, वाकून पाहिले आणि कोणाला न विचारता हात वर करून खेळ थांबविला. वाटी सरकलेली होती. पोराला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेले. घड्याळ अकरा मिनिटे बंद होते, तेवढ्यात पुढच्या रांगेतली काही माणसे कुरकुरत घरी गेली.